सहाच्या ठोक्याला बंद होणारी दारे: ऑस्ट्रेलियन पबमधल्या रॉकची गोष्ट

१/
एसी/डीसी, कोल्ड चिझल, मिडनाइट ऑइल, मेन ॲट वर्क, द एंजल्स. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात घडलेल्या रॉक बँडपैकी ही काही ठळक नावे. यांची खरी तालीम उपनगरांतल्या पबमध्ये झाली, बिअर सांडून चिकट झालेल्या गालिच्यांसमोर.

या संगीताचा इतिहास बहुधा गायक-वादकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. पण त्याचे एक मूळ अशा कायद्यात आहे, ज्याचा संगीताशी काडीचाही संबंध नव्हता. पब संध्याकाळी सहा वाजता बंद करणारा तो कायदा. त्याने पबच्या इमारती बदलल्या, पिण्याची रीत बदलली आणि तो रद्द झाल्यावर मागे उरलेल्या दालनांत एका नव्या आवाजाने घर केले.

२/
आधी एका शब्दाचा खुलासा. महाराष्ट्रात ‘हॉटेल’ म्हटले की चहा-मिसळ डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रेलियात ‘हॉटेल’ म्हणजे बहुतेक वेळा पब. वसाहतकाळातील परवाना-कायद्यांनुसार दारू विकणाऱ्याला प्रवाशांच्या मुक्कामाची सोयही ठेवावी लागे. पुढे अनेक ठिकाणी वरच्या मजल्यावरील खोल्या ओस पडल्या, मात्र पाटीवरचे नाव कायम राहिले. त्यामुळे या धाग्यात येणारी रॉयल अँटलर हॉटेल, क्रिकेटर्स आर्म्स हॉटेल, टोट हॉटेल ही सारी नावे पबचीच आहेत.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात मद्यपानविरोधी चळवळ जोर धरू लागली. तिच्यात प्रोटेस्टंट चर्च आणि ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ आघाडीवर होत्या. मजुराचा पगार घरी पोहोचण्याआधी पबच्या गल्ल्यात जातो, हे त्या स्त्रियांचे दुखणे खरे होते. साउथ ऑस्ट्रेलियात स्त्रियांना १८९४ मध्येच मताधिकार मिळाला होता, त्यामुळे या चळवळीला मतांचेही बळ होते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सैनिक आघाडीवर मरत असताना मागे राहिलेल्यांनी ग्लास उंचावत बसावे का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. साउथ ऑस्ट्रेलियाने १९१५ मध्ये सार्वमत घेतले आणि मार्च १९१६ पासून तेथील पब संध्याकाळी सहाला बंद होऊ लागले.

४/
न्यू साउथ वेल्समध्ये एका दंग्याने निर्णयाला वेग आला. १४ फेब्रुवारी १९१६ रोजी सिडनीजवळच्या कॅसुला छावणीतील सैनिकांनी वाढीव कवायतीविरुद्ध बंड केले. हजारो सैनिक लिव्हरपूल गावात शिरले, तेथील पब लुटले आणि आगगाडीने सिडनीत आले. शहरात दिवसभर तोडफोड चालली. मध्यवर्ती रेल्वे स्थानकावर झालेल्या गोळीबारात एक सैनिक मारला गेला.

चार महिन्यांनी झालेल्या सार्वमतात मतदारांना पब बंद करण्याच्या वेगवेगळ्या वेळा सुचवण्यात आल्या होत्या. मोठ्या बहुमताने त्यांनी सर्वांत लवकरची वेळ निवडली: सहा.

५/
व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या राज्यांनीही त्याच वर्षी हा मार्ग धरला. युद्धकाळापुरती म्हणून आलेली ही बंधने युद्ध संपल्यावर उठली नाहीत. व्हिक्टोरियाने १९१९ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने १९२३ मध्ये ती कायमची केली. क्वीन्सलँडने १९२३ मध्ये आठची वेळ स्वीकारली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ती नऊची होती.

युद्धकाळातील त्यागाची ही खूण न्यू साउथ वेल्समध्ये जवळजवळ चाळीस वर्षे, तर व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलियात अर्धशतक टिकली. एका पिढीचे सारे आयुष्य या वेळापत्रकात गेले.

६/
कारखाने पाचला सुटत आणि पब सहाला बंद होत. मधला एकच तास उरे. त्या तासात जमेल तितकी बिअर घशाखाली लोटण्यासाठी पुरुषांची झुंबड उडे. लोकांनी या प्रकाराला ‘सिक्स ओ’क्लॉक स्विल’ असे नाव दिले. ‘स्विल’ म्हणजे डुकरांपुढे ओतले जाणारे पातळ खरकटे. नाव ठेवणाऱ्यांना या दृश्याबद्दल काय वाटत होते, ते त्यातून पुरेसे कळते.

कायद्याचा हेतू मद्यपान कमी व्हावे असा होता. प्रत्यक्षात पिणे एका तासात कोंबले गेले. गप्पा, खेळ, जेवण या साऱ्यांना पबमध्ये जागाच राहिली नाही.

७/
याचा परिणाम इमारतींवर झाला. जास्तीत जास्त माणसांनी उभ्याउभ्या प्यावे म्हणून बिलियर्ड्सची टेबले हटवली गेली, मधल्या भिंती पाडल्या गेल्या आणि बारचे काउंटर लांबवण्यात आले. सांडलेली बिअर पाण्याच्या नळीने धुऊन काढता यावी म्हणून भिंतींना फरश्या लावल्या गेल्या, जमिनीवर लिनोलियम अंथरले गेले.

अशी मोठी, उघडी, कठीण पृष्ठभागांची दालने संवादाला प्रतिकूल असतात. आवाज भिंतींवर आपटून परत येतो. पुढे याच प्रकारच्या जागांत गिटार आणि ड्रम वाजणार होते.

८/
ही दालने पुरुषांची होती. स्त्रियांसाठी असलीच तर वेगळी ‘लेडीज लाउंज’ असे आणि तिथे पेयाचे दामही बहुधा जास्त पडत. सार्वजनिक बारमध्ये स्त्रियांना दारू देण्यास क्वीन्सलँडच्या कायद्याने मनाई होती. मार्च १९६५ मध्ये मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी ब्रिस्बेनच्या रिगाटा हॉटेलात बारच्या पायदांडीला स्वतःला साखळीने बांधून घेतले आणि बिअर मागितली. पोलिसांना पाचारण झाले, बातमी देशभर गेली. क्वीन्सलँडची ही मनाई १९७० मध्ये उठली.

९/
सहाची वेळ एकदम गेली नाही. टास्मानियाने ती १९३७ मध्येच सोडली. न्यू साउथ वेल्समधील मतदारांनी १९४७ च्या सार्वमतात ती राखली, १९५४ मध्ये मात्र निसटत्या बहुमताने नाकारली. १ फेब्रुवारी १९५५ पासून तेथील पब रात्री दहापर्यंत उघडे राहू लागले. व्हिक्टोरियात हा दिवस १ फेब्रुवारी १९६६ रोजी उजाडला. साउथ ऑस्ट्रेलियात डॉन डन्स्टन यांच्या सरकारने १९६७ मध्ये ही बंदी संपवली.

पबमालकांपुढे आता नवा प्रश्न होता. चार जास्तीचे तास मिळाले, पण ते भरायचे कशाने?

१०/
प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी सुरू झाली होती. घरोघरी फ्रिज आले होते आणि त्यात थंड बिअरच्या बाटल्या होत्या. संध्याकाळी घरी बसलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी घरी न मिळणारे काहीतरी द्यावे लागणार होते.

याच काळात शहरे पसरत होती. नव्या उपनगरांत मद्यनिर्मिती कंपन्यांनी प्रचंड मोठे पब उभारले. शेकडो माणसे मावतील अशी दालने, बाहेर विस्तीर्ण वाहनतळ. लोक त्यांना ‘बिअर बार्न’, म्हणजे बिअरचे कोठार, म्हणत. कोठारात गर्दी जमवायला संगीत हा चांगला उपाय ठरला.

११/
१९६० च्या दशकातील रॉक मात्र पबमध्ये वाजत नव्हते. ते नगरसभागृहांत, चर्चच्या हॉलमध्ये आणि दारूचा परवाना नसलेल्या नृत्यघरांत वाजे. श्रोते बहुतेक किशोरवयीन होते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी ही मुले मोठी झाली. काही राज्यांनी दारू पिण्याचे वय २१ वरून १८ वर आणले. संघीय निवडणुकांतील मतदानाचे वयही १९७३ मध्ये १८ झाले. बिली थॉर्प आणि त्यांचा ‘ॲझटेक्स’ हा बँड यांनी १९७२ च्या सनबरी महोत्सवात दाखवून दिले की स्थानिक बँडचा दणदणीत, ब्लूजवर उभा असलेला रॉक ऐकायला हजारो तरुण येतात. हा श्रोता आता पबच्या दारातून आत येऊ शकत होता.

१२/
‘पब रॉक’ हा शब्द लंडनमध्येही वापरला गेला, पण दोन्हींची प्रकृती भिन्न आहे. लंडनमध्ये १९७१ च्या सुमारास केंटिश टाउनमधील टॅली हो या पबमध्ये ‘एग्ज ओव्हर ईझी’ हा अमेरिकी बँड वाजवू लागला आणि भपकेबाज रॉकला कंटाळलेल्या वादकांना तिथे वाट सापडली. ती छोट्या खोल्यांतली, साधेपणाकडे परतणारी चळवळ होती. काही वर्षांतच पंकने तिची जागा घेतली.

ऑस्ट्रेलियात पब हा रॉकचा पर्यायी रस्ता नव्हता. तो मुख्य रस्ता होता आणि बँडला देशभर त्याच रस्त्याने जावे लागे.

१३/
अशा दालनात वाजवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. एका बाजूला लांबच लांब बार, तिथे ग्लासांचा खणखणाट, बारटेंडरला दिलेल्या हाका, पाठीमागे फरशांच्या भिंती. श्रोते उभे, घामाघूम, अनेकजण आधीच दोन-चार ग्लास रिचवलेले. आवडले नाही तर ते टाळ्या रोखून थांबत नसत, ओरडून सांगत. कधी ग्लासही भिरकावला जाई.

अशा ठिकाणी नाजूक सुरावट हरवून जाई. टिकत असे ते ठळक रिफ, सरळ ठेका, छातीतून निघालेला आवाज आणि दोन गाण्यांत उसंत न देणारी मांडणी. ऑस्ट्रेलियन रॉकच्या ज्या खडबडीतपणाची पुढे जगभर चर्चा झाली, त्याला घडवण्यात या दालनांचा वाटा मोठा होता.

१४/
एसी/डीसी हे याचे उत्तम उदाहरण. माल्कम आणि अँगस यंग या भावांनी १९७३ च्या अखेरीस सिडनीत हा बँड उभा केला. त्यांचे कुटुंब १९६३ मध्ये ग्लासगोहून स्थलांतरित झाले होते. गायक बॉन स्कॉटही मूळचा स्कॉटलंडचा. कोल्ड चिझलचा जिमी बार्न्सही ग्लासगोचाच, तो ॲडलेडजवळच्या एलिझाबेथ या कामगार वसाहतीत वाढला.

युद्धोत्तर काळात सरकारी मदतीच्या स्वस्त तिकिटावर आलेल्या ब्रिटिश कामगारांची ही मुले होती. पबमध्ये समोर उभा असलेला श्रोताही बहुतेक वेळा त्याच उपनगरातला, तशाच घरातला असे. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात अंतर फारसे नव्हते.

१५/
अशा रात्रीचा क्रम ठरलेला असे. दुपारी ट्रकमधून स्पीकर आणि दिवे उतरत. संध्याकाळी दाराशी तिकिटाचे पैसे घेणारा माणूस बसे. आधी नवखा बँड वाजवे, रिकाम्या जमिनीसमोर. जसजशी गर्दी वाढे, तसतसे लोक बारकडून मंचाकडे सरकत. मुख्य बँड उशिरा येई आणि पब बंद होईपर्यंत वाजवी.

मंच बहुधा गुडघाभर उंचीचा. पहिल्या रांगेतल्या माणसाला गायकाचा घाम दिसे. जीन्स आणि टी-शर्ट हाच गणवेश, किनाऱ्यालगतच्या पबमध्ये रबरी चपलाही चालत. दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या तरुणाच्या कानात शिट्टी वाजत राही. अनेक वादकांनी त्याची किंमत पुढे बहिरेपणाच्या रूपाने मोजली.

१६/
श्रोते नुसते ऐकत नसत. द एंजल्स या बँडचे एक गाणे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले, प्रिय व्यक्ती पुन्हा दिसेल का असा प्रश्न विचारणारे. पुढे १९८० च्या दशकात पबमधल्या गर्दीने त्या प्रश्नाला एक अर्वाच्य, लयबद्ध उत्तर देण्यास सुरुवात केली. ते कोणी लिहिले नव्हते. एका शहरातून दुसऱ्या शहरात ते तोंडोतोंडी पसरले आणि त्या गाण्याचा भागच होऊन बसले. शोकगीताचे सामूहिक जल्लोषात झालेले हे रूपांतर लोकपरंपरा कशी घडते, याचा अलीकडचा दाखला आहे.

१७/
या साऱ्यामागे एक हिशेब होता. बारचा गल्ला पबमालकाचा. दारावरच्या तिकिटाचे पैसे मात्र वादाचा विषय होते. सुरुवातीस कार्यक्रम ठरवणाऱ्या एजन्सी बँडला ठरावीक रक्कम देत, गर्दी कितीही होवो.

१९७८ मध्ये कोल्ड चिझल, द एंजल्स आणि फ्लॉवर्स या बँडच्या व्यवस्थापकांनी ‘डर्टी पूल’ नावाची स्वतःची एजन्सी काढली. दारावर जमणारा पैसा गर्दी खेचणाऱ्या बँडला मिळावा, अशी तिची भूमिका होती. मोठे पब त्यांच्याशिवाय भरत नव्हते, त्यामुळे मालकांना ती मान्य करावी लागली. बँडला आता स्वतःचे ध्वनियंत्र, प्रकाशयोजना आणि कर्मचारी पोसता येऊ लागले.

१८/
त्यासाठी प्रवास मात्र अफाट करावा लागे. सिडनी ते मेलबर्न हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर, मेलबर्न ते ॲडलेड सुमारे ७३०. कार्यक्रम संपला की सामान ट्रकमध्ये भरून रातोरात ह्यूम महामार्गाने पुढच्या शहराकडे निघायचे. थकलेल्या चालकांसाठी तो रस्ता धोक्याचा होता.

प्रसिद्धीसाठी दोन साधने होती. सरकारी वाहिनीवरील ‘काउंटडाउन’ हा कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू झाला. जानेवारी १९७५ मध्ये सिडनीत ‘डबल जे’ हे तरुणांचे सरकारी नभोवाणी केंद्र सुरू झाले. पण गाणे चालेल की नाही, याची कसोटी पबमध्येच लागे.

१९/
गाण्यांचे विषयही बदलले. मेलबर्नच्या स्कायहुक्स या बँडने कार्लटन, बाल्विन, टुरॅक अशा आपल्याच शहरातील भागांवर गाणी रचली. तोवर रॉकची गाणी बहुधा अमेरिकी रस्त्यांची असत.

कोल्ड चिझलच्या डॉन वॉकर यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आणि कुठेच स्थिरावू न शकणाऱ्या सैनिकावर ‘खे सान’ हे गाणे लिहिले. १९७८ मध्ये ते आले तेव्हा त्यातील उल्लेखांमुळे व्यावसायिक नभोवाणीने ते वाजवले नाही. विक्रीच्या यादीत ते ४१ व्या क्रमांकापलीकडे गेले नाही. पबमधील श्रोत्यांनी मात्र ते तोंडपाठ केले. आज ते देशातील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी एक आहे.

२०/
पब ही शाळा किती पक्की होती, याचे दोन दाखले. मेन ॲट वर्क हा बँड १९७९–८० च्या सुमारास मेलबर्नमधील रिचमंडच्या क्रिकेटर्स आर्म्स हॉटेलात नियमित वाजवत असे. जानेवारी १९८३ मध्ये त्यांचा अल्बम आणि एक गाणे ही दोन्ही अमेरिका व ब्रिटनमध्ये एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर होती.

मिडनाइट ऑइल सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावरील नॅराबीन येथील रॉयल अँटलर हॉटेलात लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांसमोर वाढले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात आदिवासींची क्षमा मागणारा ‘सॉरी’ हा शब्द अंगावरील कपड्यांवर लिहून ते जगासमोर उभे राहिले. गायक पीटर गॅरेट पुढे देशाचे मंत्री झाले.

२१/
या कथेत दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. स्त्री गायिकेला पुरुषी गर्दीची शेरेबाजी आणि अंगलट झेलावी लागे. १९८० मध्ये सिडनीत स्थापन झालेल्या डिव्हायनिल्सच्या क्रिसी अँफ्लेट यांनी शाळकरी गणवेशात, गर्दीच्या अंगावर धावून जाणारा आक्रमक अवतार घेऊन त्या गर्दीलाच दबकायला लावले.

आदिवासी बँडची वाट त्याहून बिकट होती. नो फिक्स्ड ॲड्रेस आणि अस मॉब या बँडवरील ‘राँग साइड ऑफ द रोड’ (१९८१) या चित्रपटात दौऱ्यावर असलेल्या वादकांना पोलिसांकडून होणारा जाच दिसतो. १९८३ मध्ये पापुन्याच्या वारुंपी बँडने ‘जाइलांगुरु पाकार्नु’ हे आदिवासी भाषेतील पहिले रॉक गाणे ध्वनिमुद्रित केले.

२२/
ओहोटी सुरू झाली तीही कायद्यानेच. १७ डिसेंबर १९८२ पासून न्यू साउथ वेल्समध्ये पोलीस कोणत्याही चालकाला थांबवून श्वासाची तपासणी करू लागले. व्हिक्टोरियात हे १९७६ पासून होते. रस्त्यांवरील मृत्यू घटले आणि या कायद्याच्या उपयुक्ततेबद्दल शंका घेण्यास जागा नाही.

पण बिअरची कोठारे मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी बांधलेली होती. बस वा रेल्वे नसलेल्या उपनगरात पिऊन घरी जायचे कसे? मोठ्या वाहनतळाचा जो फायदा होता तोच आता अडचण ठरला. शेकडोंच्या गर्दीवर चालणारे पब विरळ होऊ लागले.

२३/
दुसरा आघात जुगाराच्या यंत्रांचा. ‘पोकी’ म्हणून ओळखली जाणारी ही यंत्रे न्यू साउथ वेल्समधील क्लबांत १९५६ पासून कायदेशीर होती. व्हिक्टोरियातील पबना ती १९९० च्या दशकाच्या आरंभी मिळाली, न्यू साउथ वेल्समधील पबना १९९७ मध्ये. तेथे एका पबमध्ये ३० पर्यंत यंत्रे ठेवता येतात.

यंत्राला मानधन लागत नाही, ध्वनितपासनीस लागत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. ज्या मागच्या खोलीत मंच होता तिथे यंत्रांच्या रांगा आल्या. द व्हिटलम्स या सिडनीच्या बँडने या यंत्रांविरुद्ध केलेले गाणे २००० मध्ये गाजले. यंत्रे मात्र हलली नाहीत.

२४/
तिसरे कारण शेजाराचे. शहराच्या आतील जुन्या कामगार वस्त्यांत घरांचे भाव चढले आणि सधन रहिवासी आले. अनेक दशके बँड वाजत असलेल्या पबशेजारी नव्या सदनिका उभ्या राहिल्या आणि आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. कायदा बहुधा तक्रारदाराच्या बाजूने असे, मग पब आधीचा असो वा नसो.

न्यू साउथ वेल्समध्ये पबला संगीतासाठी ‘सार्वजनिक मनोरंजनस्थळ’ म्हणून वेगळी नियोजन-परवानगी घ्यावी लागे. ती खर्चिक आणि किचकट होती. २००९ मध्ये ती अट रद्द झाली, तोवर अनेक मंच कायमचे उतरले होते.

२५/
जानेवारी २०१० मध्ये मेलबर्नच्या कॉलिंगवुड भागातील टोट हॉटेल बंद होत असल्याचे जाहीर झाले. १९८० च्या दशकापासून नव्या बँडचे ते माहेरघर होते. उशिरापर्यंत संगीत वाजवणाऱ्या जागांना ‘अधिक धोक्याच्या’ ठरवून सुरक्षारक्षक नेमण्याची जी सक्ती झाली होती, तिचा खर्च छोट्या पबला पेलवत नव्हता.

हजारो लोक पबसमोर जमले. २३ फेब्रुवारी २०१० रोजी ‘सेव्ह लाइव्ह ऑस्ट्रेलियाज म्युझिक’च्या मोर्चात सुमारे २०,००० माणसे मेलबर्नच्या रस्त्यावर उतरली. दिवस मुद्दाम निवडलेला होता. १९७६ मध्ये त्याच तारखेला एसी/डीसीने स्वॉन्स्टन मार्गावर उघड्या ट्रकवरून वाजवत आपले प्रसिद्ध चित्रण केले होते.

२६/
त्याच वर्षी टोट पुन्हा उघडले. २०१४ मध्ये व्हिक्टोरियाने नियोजनात नवे तत्त्व आणले: जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी घरे बांधायची असतील, तर आवाज रोखण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची. २०२३ मध्ये टोट विक्रीला निघाले, तेव्हा चाहत्यांनी लोकवर्गणीतून सुमारे ३० लाख डॉलर जमवून ते राखण्यास हातभार लावला.

सिडनीने उलट दिशा धरली. मद्यधुंद हल्ल्यांत दोन तरुणांचे मृत्यू झाल्यावर २०१४ मध्ये मध्यवर्ती भागात रात्री दीडनंतर प्रवेश आणि तीननंतर दारूविक्री बंद झाली. ही बंधने २०२० व २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने उठली. मधल्या काळात शहराचे रात्रजीवन आक्रसले.

२७/
या शंभर वर्षांत प्रत्येक कायद्यामागे खरे दुःख होते: रिकामा पगार, अपघातात गेलेला मुलगा, रस्त्यात मारला गेलेला तरुण. तरीही यांतला एकही नियम संगीतासाठी लिहिलेला नव्हता आणि प्रत्येकाने संगीताचे भवितव्य ठरवले. सहाच्या वेळेने दालने दिली, दहाच्या वेळेने रात्र दिली, श्वासतपासणीने मोटारी थांबवल्या, यंत्रांनी मंच घेतला.

म्हणून एखाद्या काळातील कला समजून घेताना गीतांच्या वह्यांबरोबर परवाना-कायदे, बंद होण्याच्या वेळा आणि शेवटच्या बसचे वेळापत्रकही वाचावे लागते. मेलबर्नमध्ये २००४ पासून एका गल्लीला एसी/डीसीचे नाव आहे. तिथे छायाचित्रे काढण्यासाठी पर्यटक येतात. नवा बँड ऐकायचा असेल, तर मात्र त्यांना अजून कॉलिंगवुडच्या टोटसारख्या पबमध्येच जावे लागते.